दोनच ठेवायच्या, तिसरी कोणती?

“मॅडम, तिन्हीतली कोणती देऊ, तुमीच सांगा,” असं म्हणून गौतमरावांनी लायसनचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

मी तेव्हा हिंगोलीच्या कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्यांचं टेबल सांभाळत होते. कायदा बदलला होता. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच. जादाची पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची, मग आम्ही ती पुस्तकातून कमी करायची. तीन बंदुकांवाले जिल्ह्यात मोजकेच. कुरुंद्याचे गौतमराव तेवढे राहिले होते, आणि मुदत संपायला एक आठवडा होता.

मी पुस्तक उघडलं. एक वडिलांकडून आलेली ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ठासून भरतात तसली. ती वाजून जमाना झाला होता. दुसरी बारा बोरची. तिचे बार काढून ते सोयाबीनमधली रानडुकरं हाकलायचे. तिसरी पॉइंट टू-टू रायफल, नेमबाजीच्या सरावाची.

“ही कोण चालवतं?”

“माझी सुजाता चालवायची.”

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत तिला नेमबाजीचा नाद लागला. लायसन बापाच्या नावावर, म्हणून सरावाला बाप जवळ लागायचा. दर रविवारी दोघं नेमबाजीच्या रेंजवर जायला वारंगा फाट्यावरून नांदेडची गाडी धरायचे.

“ती पालथी पडून नेम धरायची, मी मागं उभा,” गौतमराव म्हणाले. “तिनं श्वास रोखला की मीबी रोखायचो, मॅडम. आपोआप व्हायचं.”

आता ती पुण्यात नोकरीला होती. लग्न झालं होतं.

आमचे नायब तहसीलदार फाईल बघायला आले. “काय अडलंय?”

“सर, तिसरी कोणती ते ठरत नाही.”

“सोपं आहे. मुलगी इथं नाही, रायफल जमा करा.”

गौतमरावांनी तिथूनच मुलीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे तिचा आवाज आम्हालाही स्पष्ट येत होता.

“देऊन टाका की बाबा. मी काय आता खेळून राहिले का?”

“दिवाळीला येशील तवा एक दिवस जाऊ म्हणलं रेंजवर.”

“दोन दिवसांसाठी येते मी. त्यात कुठं रेंज? बरं, मीटिंग आहे, ठेवते.”

त्यांनी फोन खिशात घातला. मग पुस्तक स्वतःकडे ओढून तिन्ही नोंदींवरून एकेक करून बोट फिरवलं.

“बारा बोर लिहा,” ते म्हणाले.

“काका, कामाची तेवढी एकच आहे. ठासणीची द्या ना. नाहीतर डुकरांचं काय करणार?”

“ती वडलांची हाय. डुकरांसाठी डबे वाजवीन. व्हईल थोडी तकलीफ.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज लिहिला, त्यांनी सही केली. बारा बोर डीलरकडे गेली आणि महिन्याभरात विकली गेली.

पुढच्या वर्षी गौतमराव लायसन रिन्यू करायला आले. निम्मं सोयाबीन डुकरांनी नेलं होतं. मी सुजाताचं विचारलं.

“आली व्हती की दिवाळीला. रायफल पुसून ठेवली व्हती मी. तिला सवड न्हाई झाली.” मग म्हणाले, “आवंदा येईल बराबर.”

मी पुस्तकावर शिक्का मारून दिला.

पुढे कुणी बंदूक जमा करायला आलं की मी आधी त्याच्याकडे खुर्ची सरकवायचे. कोणती द्यायची हे कागदावर पटकन ठरतं, माणसाला वेळ लागतो.