माझी जोड मीच लावली

नागपंचमी, सकाळचा पहिला प्रहर. ठिकाण: शुक्रवार पेठेतल्या आमच्या तालमीचा आखाडा. हजर: वस्ताद, बत्तीस पहिलवान, आमचे दफ्तरदार, माझा मेहुणा विसाजी, समोरच्या माडीवर माझी बायको आणि निम्मी पेठ. गैरहजर कोणीच नव्हतं, आणि तीच अडचण होती.

मी दफ्तरात कारकून. याद्या करणं हे माझं काम. गेली पंधरा वर्षं दसऱ्यानंतर मोहीम निघाली की दफ्तराबरोबर मीच जातो. यंदा मात्र दफ्तरदारांनी मला पगडीपासून जोड्यापर्यंत न्याहाळलं, मधे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "तुम्ही यंदा पुण्यातच राहा. आम्हांला घोड्याची दया येते."

माझ्या जागी कोण? विसाजी! जो चाळीसपर्यंत मोजताना मधे दोनदा पाणी पितो!

तो घरी येऊन म्हणाला, "भावोजी, आता आपण विश्रांती घ्यावी. वय झालं."

"पंचेचाळीस म्हणजे वय?"

"तुमचं नव्हे, पोटाचं म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत मी तालमीत होतो. वस्तादांनी विचारलं, "काय काम काढलंत?"

"शरीर कमवायला आलोय."

"आहे की भरपूर. आणखी कशाला?"

पहिल्या दिवशी मी साडेतीन जोर काढले. (चौथ्याला खाली गेलो, तो वर यायचा मुहूर्त बघत तिथेच राहिलो.) घरी आलो तर हात खांद्याच्या वर जाईनात. दफ्तरात जाताना पगडी बायकोनेच माझ्या डोक्यावर चढवली.

"अहो, आता भातही मीच भरवू का?"

"भरव," मी म्हणालो. "पण उद्या पहाटे उठव."

आयुष्यात जे पंचेचाळीस वर्षं कळलं नाही ते तालमीने पंधरा दिवसांत शिकवलं. एक म्हणजे, मांड्यांना हुकूम लिहून पाठवता येत नाही. दुसरं, तेल लावलेल्या मल्लखांबाला आपला हुद्दा ठाऊक नसतो. पण मी हटलो नाही. महिनाभरात एकवीस जोरांपर्यंत पोचलो! मग डोकं वर काढून तालमीकडे पाहिलं, तेव्हा ध्यानात आलं की इथे कामाला वळण असं नाहीच. मुद्गल कोणी कुठेही टाकतो, कोणाची पाळी कोणीही घेतो. मी याद्या केल्या. वस्तादांनी त्या सहन केल्या.

नागपंचमीच्या कुस्त्या जवळ आल्या. वस्ताद गावी निघताना म्हणाले, "कारकून, लढणाऱ्यांची नावं तेवढी लिहून ठेवा."

तेवढीच लिहिली असती तर! पण अर्धं काम ठेवणं मला जमत नाही. कोण कोणाशी लढणार, त्या जोड्याही मी लावून टाकल्या. वस्ताद जोड लावतात ती माना आणि मांड्या बघून. ही काय रीत झाली? दफ्तरात माणसं दाखल झाल्याच्या क्रमाने लावतात. मीही तशीच लावली. सर्वांत शेवटी दाखल झालेले दोघे उरले: मी आणि हडपसरचा कोणी संभू. तो दोनच दिवसांपूर्वी आलेला, तोही संध्याकाळचा, त्यामुळे मी त्याला पाहिलं नव्हतं. उत्तम! माझ्याहून कच्चा गडी, त्याला पाडतो, दफ्तरदार बघतात, मोहीम पक्की! मी दफ्तरदारांना आमंत्रण दिलं आणि प्रत्येक पहिलवानाच्या घरी जोडीचा विडाही पोचवला.

नागपंचमीला वस्ताद परतले. यादी ऐकली आणि मटकन बसले.

"सख्खे भाऊ एकमेकांसमोर?"

"दोघे एकाच दिवशी दाखल झालेत."

"आणि तुमच्यासमोर संभू?"

"चार दिवस तर झालेत त्याला."

"आमच्या तालमीत चार दिवस! कुस्ती खेळतोय दहा वर्षं!"

"मग जोड मोडा."

"विडा कोणी दिला?"

"मी."

"त्याने घेतला?"

"घेतला. खाल्लासुद्धा."

"विडा खाल्ला की जोड मोडत नाही. आणि नव्यांची जोड आधी. उतरा!"

संभू आला आणि आखाड्यात सावली पडली. गडी भला होता. कानाशी वाकून म्हणाला, "घाबरू नगा, कारकून. अलगद टाकतो."

"टाकायची भाषा नको!" मी दंड थोपटले.

"अहो!" माडीवरून बायको ओरडली. "आधी उपरणं तरी काढा!"

उपरणं काढलं. सलामी झाली. पुढच्या क्षणी मी संभूच्या डोक्याच्या वर, आडवा. तिथून सगळा आखाडा स्वच्छ दिसत होता, आणि काय दिसावं? पुढची जोडी कोपऱ्यात लाह्या खात बसलेली!

"अरे, उठा!" मी वरूनच गरजलो. "यानंतर तुमची पाळी! लंगोट कसले नाहीत अजून! आणि त्या हलगीवाल्याला उन्हातून हलवा!"

"लई हलू नगा," खालून संभू म्हणाला. "पडाल."

त्याने शब्द पाळला. अलगद टाकलं.

"पाठ लागली!" वस्ताद म्हणाले.

"डावा खांदा लागायचाय अजून!"

संभूने एक बोट टेकवलं. लागला.

मी माती झटकून उठलो, मान ताठ ठेवली. (ती वळतच नव्हती.) दफ्तरदारांनी बोलावलं. शेजारी विसाजी खुशीत उभा.

"तुमचा आवाज," दफ्तरदार म्हणाले, "पार वेशीपर्यंत गेला असेल. छावणीत असा माणूस हवा. यंदा तुम्हीच चला."

विसाजीचा चेहरा पाहायला मला अख्खं अंग वळवावं लागलं, पण वळवलं!

"घोडा कोणता मिळेल?" मी विचारलं.

"घोडा नाही. दफ्तराचे कागद बांधलेले रुमाल बैलगाडीतून जातात. त्यांच्यावर बसा."

हसायचं त्यांनी हसावं. मी अजूनही रोज पहाटे तालमीत जातो आणि दसऱ्यानंतर मोहिमेवरही जाणार. गाडीत काय काय चढवायचं त्याची यादीसुद्धा मीच करतोय. चाळीस रुमाल, सहा दौती, दोन सतरंज्या, सगळं टिपून झालं. एकच नोंद राहिली आहे. मला माणसांत धरायचं की सामानात, ते गाडीवान बैलांकडे बघून सांगतो म्हणालाय.