पुसून टाकलेल्या पायऱ्या

शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून मी तंजावूरला परत येऊन मुलींच्या शाळेत लागले तेव्हा माझ्याजवळ एक पद्धत होती. कुठलाही प्रश्न समोर आला की आधी विचारायचं: काय दिलं आहे, काय काढायचं आहे, आणि घोडं अडलंय कुठे. गणित असो की इतिहास, विद्यार्थी लहान असो की म्हातारा, ही पद्धत सगळीकडे लागू पडते असं आम्हाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी आमच्या शाळेतल्या मुली पाहिलेल्या नव्हत्या.

भूगोलाच्या तासाला मी लहान वर्गाला विचारलं, कावेरीला पूर आलाय, पलीकडच्या तिरुवैयारूहून वांग्यांची टोपली तंजावूरच्या बाजारात आणायची आहे, तर काय कराल? पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, त्या दिवशी वांगी आणणार नाही. बाकीच्या वर्गाला हे पटलं. मोठ्या मुलींना इतिहासात विचारलं, तुम्ही राजाच्या मंत्री आहात, शत्रू वेशीपाशी आलाय, आता काय? त्यांनी आपसात चर्चा केली आणि हेडमिस्ट्रेसना विचारू असं ठरवलं. हे हेडमिस्ट्रेसच्या कानावर गेलं तेव्हा त्या खूश झाल्या. मी नाही झाले. मला राग लवकर येतो आणि तेव्हा तो आणखी लवकर यायचा.

त्यामुळे माझ्या पद्धतीचा खरा विद्यार्थी मला घरातच मिळाला. ती माझी आत्या.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं मराठी घर होतं. घरात अप्पा, आत्या आणि मी. आई गेल्यापासून स्वयंपाक आत्याकडे होता. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच नोकरीसाठी समुद्रापार पेनांगला गेला होता आणि परत येण्याची त्याला काही घाई दिसत नव्हती. तिथे त्याने दुसरा संसार थाटल्याचं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नसे. आत्याला आठवीची सरकारी परीक्षा बाहेरून द्यायची होती. ती पास झाली की मास्तरणीच्या ट्रेनिंगला प्रवेश, तिथे राहायची सोय, आणि नंतर एखाद्या गावात शाळा. म्हणजे भावाच्या चुलीपासून सुटका. हे शेवटचं ती कधी बोलली नाही, पण तमिळ वाचनात तिची प्रगती ज्या वेगाने होत होती त्यावरून मला कळत होतं.

अडचण गणिताची नव्हती, सोवळ्याची होती. सकाळी न्हाऊन ओलं नेसलेली आत्या जेवणं उरकेपर्यंत सोवळ्यात असे, आणि शाळेचं पुस्तक, पाटी, पेन्सिल ही सगळी कोणाकोणाच्या हाताची, म्हणून ओवळी. दुपारी आत्याकडे शिवणासाठी बायका यायच्या, रात्री तमिळ वाचन. म्हणजे गणिताला सकाळच उरली. मी शाळेत जायच्या आधी उंबऱ्याबाहेर उभी राहून उदाहरण मोठ्याने वाचायची, आणि आत आत्या चूल आणि पाट्यामधल्या हातभर जागेत कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठाने आकडे मांडायची. जागा तेवढीच. एक पायरी झाली की ओल्या फडक्याने पुसायची आणि तिथेच पुढची मांडायची.

पण डोकं होतं तिला. इतकी माणसं इतक्या दिवसांत विहीर खणतात, असं मी वाचलं की ती आधी विचारायची, "अस्के रोज कामाला येतात म्हणून कोणी सांगितलं?" मी सांगायची की पुस्तकात सगळे येतात. मग ती पुस्तकाला क्षमा करून उत्तर काढायची, आणि ते बरोबर असायचं. तीन प्रश्नांची माझी पद्धत तिने आठवडाभरात उचलली. सांबारात मीठ जास्त झालं तरी ती पुटपुटायची, काय दिलंय, काय काढायचंय. शाळेतल्या कोणालाही ती इतकी जमली नाही.

परीक्षेहून ती हसत आली. सगळी उदाहरणं सुटली म्हणाली. निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास.

दोन दिवस मी परीक्षकाला, सरकारला आणि छपाई करणाऱ्याला शिव्या दिल्या. मग आत्याला पेन्सिल देऊन सुट्टीच्या दुपारी एक उदाहरण कागदावर करायला बसवलं. तिने पायरी मांडली, रबराने पुसली, तिथेच दुसरी मांडली, तीही पुसली, आणि शेवटी उत्तर शाईने नीट लिहिलं. बाकी कागद धुतल्यासारखा. परीक्षेतही तिने हेच केलं होतं. सगळी उत्तरं बरोबर आणि ती आली कुठून याचा पत्ता नाही. परीक्षकाला ती कोणाची तरी बघून लिहिली असं वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

"अगं, पायऱ्यांनाच गुण असतात!" मी ओरडले.

"काम झाल्यावर पसारा ठेवायचा?" ती म्हणाली. "अस्कं आवरून दाखवलं, ते चुकलं?"

पुन्हा परीक्षेला बसायचं तर अप्पांची परवानगी हवी होती. अप्पा कोर्टात कारकून होते आणि प्रकरण पुढे ढकलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "पुढच्या वर्षी पाहू," ते म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होता. त्या संध्याकाळी तिचं तोंड बघवेना मला.

तरी सकाळचं गणित तिने सोडलं नाही. फक्त मी एक अट घातली, आता फडक्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी तिचा हात आपोआप फडक्याकडे जात होता आणि मी उंबऱ्यावरून खेकसत होते. मग तिला सवय लागली. हातभर जागा संपली की ती पुढे सरकायची.

एका रविवारी मी तिला पुस्तकातलं सर्वांत लांब उदाहरण दिलं. अप्पा जेवायला आले तेव्हा पाट मांडलेले नव्हते. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सगळी जमीन आकड्यांनी भरली होती. मधे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लिहिलेल्यावर पाय द्यायचा नाही हे आम्हाला लहानपणी कानाला धरून अप्पांनीच शिकवलेलं. ते उंबऱ्यावर थांबले. आत्या पलीकडे चुलीजवळ, हाताला पीठ.

दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे अप्पांनी ते गणित वाचलं. उलट्या बाजूने, शेवटापासून सुरुवातीपर्यंत. ओठ हलत होते. एका ठिकाणी थांबले, परत मागे आले, मान हलवली. कोर्टातलं कुठलंही कागदपत्र त्यांनी इतक्या काळजीने वाचलं असेल असं मला वाटत नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग जे कोणी कधी बोललं नव्हतं ते बोलले. "पण तू गेल्यावर येथे रांधणार कोण?"

आत्याने भात उतरवला.

"ते मला ठाऊक नाही, अण्णा," ती म्हणाली. "मी पुष्कळ विचार केला. ते गणित माझं नाही."

आवाज चढवला नव्हता. पण घरातली एखादी गोष्ट आपली नाही असं ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. अप्पा हुशार माणूस. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आत्या पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. ट्रेनिंगला जाताना बस स्टँडवर ती रडली नाही, मी रडले, आणि ती जाणार म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं. पुढे तिला पापनाशमच्या एका शाळेत नोकरी लागली. मी अजून मुलींना विचार करायला शिकवते, पण त्याआधी पहाटे उठून, न्हाऊन, ओलं नेसून भात चढवते.