ज्याचा नेम, त्याचीच सुरी

पक्षी खाली पडला की प्रतापकाका आधी मनगटावरचं घड्याळ बघत. बंदूक रिकामी करत, गवतातून पक्षी शोधून आणत आणि दहा मिनिटांच्या आत त्याचं पोट रिकामं झालेलं असे. अंगातली ऊब आत राहिली तर मांस बिघडतं, हे कारण ते सगळ्यांना सांगत. दुसरं कारण त्यांनी मला तिसऱ्या वर्षी सांगितलं. "गार झाला की तो नुसता माल होतोय गं. ऊब आहे तोवर आपण काय केलं ते हाताला कळतंय."

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात ते आमच्या समोरच्या घरात राहत. मूळचे गारगोटीकडचे. मोटारींच्या भागांचे साचे बनवणाऱ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. केसाएवढा फरक ते बोटाच्या टोकाने ओळखत, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन तास उत्तरेला जायचं आणि कापणी झालेल्या मक्याच्या कडेच्या गवतात फेझंट शोधायचे. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा, गळ्यात पांढरं कडं असलेला रानपक्षी.

मी शिकार करत नाही. त्यांच्याबरोबर चार हंगाम गेले ते ड्रायव्हर म्हणून. एका सप्टेंबरात त्यांच्या पत्नी सुमनकाकू आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. पार्किन्सन्स म्हणतात. हायवेवर ड्राइव्ह करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे जाणार तर आहेतच. तू नेशील का?" त्या पुढे म्हणाल्या, "आणि जमलं तर हे सगळं बंद करायला लाव. मी सांगून थकले."

बंद करायला लावणं मला जमलं नाही. खरं म्हणजे मी तसा प्रयत्नही केला नाही.

काकांचा एक नियम होता आणि तो ते वर्षातून दोन-तीनदा तरी बोलून दाखवत: "ज्याचा नेम, त्याचीच सुरी." ज्यानं पक्षी मारला त्यानंच तो साफ करायचा. मदत घ्यायची नाही, द्यायचीही नाही. एकदा गावातल्या मराठी मंडळातले एक डॉक्टर हौसेनं शिकारीचं लायसन्स काढून आमच्याबरोबर आले. त्यांनी एक नर पाडला, त्याच्याबरोबर फोटो काढले आणि तो काकांच्या पुढे धरला.

"काका, तुम्हीच करा ना यार. तुमचा हात बसलाय."

"रोज माणसं फाडताय की डॉक्टर. पाखराला काय भिताय?"

"तिथं ग्लव्ह्ज असतात हो. आणि ग्रोसरीत क्लीन केलेलं मिळतं."

"मग ग्रोसरीतच जायचं होतं. तिथं बंदूक पण लागत नाही." काकांनी सुरी मुठीकडून त्यांच्यापुढे केली.

डॉक्टरांनी पक्षी साफ केला. पंचवीस मिनिटं लागली. ते पुन्हा आले नाहीत. मंडळात त्यांची चेष्टा सुरू झाली तेव्हा काकांनी ती थांबवली. "केलं पण त्यानं," एवढंच म्हणाले.

त्यांची स्वतःची पद्धत ठरलेली होती. गाडीची डिकी उघडून त्यात प्लायवूडची फळी ठेवायची. पोटावरची पिसं मुठीने उपटायची. छातीच्या हाडाखाली दोन इंचांचा छेद घ्यायचा, दोन बोटं हाडाला लागून आत सरकवायची आणि आतडी न फाडता सगळं एका ओढीत बाहेर काढायचं. कलेजी, पेटा आणि हृदय वेगळ्या पिशवीत. मग गळ्यातली अन्नाची पिशवी उघडून ते आत बघत. "सोयाबीन. दोन दाणे मका. हा बघ, किडा पण खाल्लाय. सकाळी भरपेट जेवून निघाला होता गडी." हे सांगताना आवाज खाली येई. कायद्यानं फक्त नर मारता येतो. वाटेत कुणी तपासलं तर ओळख पटावी म्हणून डोकं तसंच ठेवायचं. शेवटी कॅनमधलं पाणी.

बंदूक खांद्याला टेकली की त्यांचा हात स्थिर होई. बारीक कामाला मात्र तो ऐकेनासा झाला. मी त्यांना न सांगता वेळ टिपून ठेवत असे. पहिल्या हंगामात दहा मिनिटं. दुसऱ्यात चौदा. तिसऱ्याच्या अखेरीस एकोणीस. त्या दिवशी सुरी दोनदा हातातून पडली. दुसऱ्यांदा मी ती उचलली आणि फळीजवळ गेले.

"काका, मी करते. इतके दिवस बघतेय, येतं मला."

"येत असंल की. मारलास का तू?"

"नाही."

"मग ठेव खाली."

गाडीत बसल्यावर, मी काही विचारलं नसताना, ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "ज्या दिवशी सुरी जमायची नाही, त्या दिवशी बंदूक पण गेली. त्यात अवघड काही नाही."

चौथ्या हंगामातला तो शनिवार नोव्हेंबरातला होता. वारा होता, बारीक बर्फ पडत होतं. काकांनी एकच बार काढला आणि पक्षी जागीच पडला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी फळीवर काम सुरू केलं. पिसं निघाली. छेद मात्र घेता येईना. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात तो घेतला. बोटं आत गेली आणि हात एकदम झटका देऊन मागे आला. बोटांवरून हिरवा द्रव ओघळत होता, तो छातीच्या मांसावर पसरला. कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली होती.

पित्त लागलेलं मांस धुऊनही कडूच राहतं, हे घरी कोंबडी साफ करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. काकांनी अख्खा कॅन ओतला. काम संपलं तेव्हा अकरा बावीस झाले होते.

"टाकून देऊ या काका," मी म्हणाले. "कोल्हा खाईल."

"कोल्ह्यानं मारला काय?"

त्यांनी पक्षी पिशवीत घातला आणि डिकी लावली.

त्यानंतर पंधरा महिन्यांनी, फेब्रुवारीत, न्यूमोनियाने काका गेले. अंत्यविधीच्या वेळी लोक त्यांच्या कामाबद्दल, मंडळाच्या गणपतीला ते करत त्या मखराबद्दल बोलले. शिकारीचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही. मला सांगता येण्यासारखं होतं ते त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशीच्या, रविवारच्या जेवणाचं, आणि ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी काकूंचा फोन आला, "जेवायला ये." आवाज नेहमीचा नव्हता. मी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. "हळद-मीठ लावून तीनदा धुतलं. ताकात घालून ठेवलं. काही उपयोग नाही. टाका म्हटलं तर बोलत नाहीत. तू तरी सांग."

काका टेबलाशी बसले होते. त्यांच्या ताटात भाकरी आणि तांबडा रस्सा होता, माझ्या ताटात आमटी-भात. मी रश्श्याच्या भांड्याकडे हात नेला.

"तुला नाही ते."

"चव तरी बघते, काका."

"नको. तुझा काय संबंध?"

काकूंनी चमचाभर रस्सा तोंडात घेतला, तशाच सिंककडे गेल्या आणि थुंकल्या. "अहो, विष आहे हे!"

"विष नाही. कडू आहे."

ते अर्धा तास जेवत होते. रस्सा शर्टावर सांडला. मांसात निघालेले दोन छर्रे त्यांनी ताटाच्या कडेला ठेवले. हाडं चोखून स्वच्छ केली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पाणी प्यायले ते अगदी शेवटी.

मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता ते म्हणाले, "पुढच्या वर्षी लायसन्स काढायचं नाही."

काकू हे ऐकायला चार हंगाम थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघू की. पुढचं पुढं."

"त्यात बघायचं काय?"

ते ताट घेऊन उठले. ताट थरथरत टेबलाच्या कडेवर वाजू लागलं. काकूंनी पुढे होऊन ते दुसऱ्या बाजूने धरलं. थोडा वेळ ते दोघांच्याही हातात होतं. मग काकांनी सोडलं.