आईचे गुडघे आणि लखनौचा आग्रह

मंडळी, आज सकाळी फिजिओथेरपिस्टने मला बजावलं, "काकू, गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, रोज थोडं चाला." मला हसूच फुटलं. ऐंशीच्या दशकात लखनौला माझ्या आईलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं.

बाबा इंजिनिअर, आम्ही मानक नगरच्या कॉलनीत राहायचो. संधिवातामुळे आईला जमिनीवरून उठायला कुणाचा तरी हात लागे आणि त्याची तिला फार लाज वाटे. म्हणून ती निश्चयाने चालायला निघाली.

तिसऱ्याच घरापाशी श्रीवास्तव आंटींनी अडवलं. "अरे भाभीजी, घुटनों में दर्द और आप पैदल? आइए, बैठिए, चाय पीजिए!" नाही म्हणणं अशक्य. तासाभराने आई परतली, तेव्हा चालणं शंभर पावलं आणि समोसे तीन झाले होते.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी आईने हात जोडले. "बहनजी, बैठ-बैठके मैं जाम हो जाऊँगी. चाय पिलानी है तो चलते-चलते पिलाइए!"

दुसऱ्या दिवशी आंटी खरोखर थर्मास घेऊन हजर! दोघी सावकाश, दुखलं की थांबत, कॉलनीला फेरी मारू लागल्या.

काही महिन्यांनी आई जमिनीवरून एकटीच उठली. मग आम्हाला दाखवायला पुन्हा बसली, पुन्हा उठली. बाबा डोळे पुसत म्हणाले, "पुरे आता, पडशील!"

आज संध्याकाळी मी शेजारणीची बेल वाजवली. तुम्ही कुणासोबत चालता?