सेनाइदाबाईंचं करडं मांजर

मेक्सिकोतल्या तेओतित्लान या विणकरांच्या गावात सेनाइदाबाईंना रंग शिकवायला कुणी जात नसे. पन्नास वर्षं लोकर रंगवून त्यांच्या अंगठ्याचं नख कायमचं निळं झालं होतं, आणि जिभेला धार जन्मापासूनच होती. निवडुंगावरच्या किड्यांचा लाल किती लिंबांनी केशरी होतो, डाळिंबाच्या सालीचा पिवळा कुठवर चढतो, सगळा हिशेब डोळ्यांत. घरात तराजू होता, पण तो मिरच्यांसाठी.

पण त्या हिवाळ्यात एका गालिच्यातले दोन लाल जुळले नाहीत. मुलगा एलिसेओ मागावर बसल्याबसल्या म्हणाला, "आई, नजर गेली तुझी. आता रंग ढवळायची काठी ओब्दुलियाकडे दे की!" बाई त्याच्यावर खेकसल्या, पण आतून हादरल्या. काठी गेली तर या घरात आपण कशाला उरलो? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: आणखी एक रंग चुकला, तर आपल्याच हातानं काठी सुनेला, ओब्दुलियाला द्यायची.

मार्चमध्ये एका सकाळी त्या कच्च्या लोकरीचं पोतं उपसत होत्या, तर हाताला काहीतरी ऊनऊन, वळवळणारं लागलं.

"ओब्दुलिया, धाव! लोकर म्याँव करतेय!"

मुठीएवढं पिल्लू. डोळे चिकटलेले, आईचा पत्ता नाही. एलिसेओ म्हणाला, "राखेत लोळलंय, मूळचं पांढरं असणार." सून म्हणाली, "उंदराच्या रंगाचं आहे, आई." बाईंनी ओल्या फडक्यानं ते पुसलं, उन्हात नेलं, न रंगवलेल्या लोकरीची लड शेजारी धरली आणि अंगणभर जाहीर केलं, "करडं! आपल्या डोंगरातल्या मेंढीच्या लोकरीसारखं करडं! कुणाला शंका?" त्याच लडीचा एक दोरा त्यांनी पिल्लाच्या गळ्यात सैलसर बांधला. दोरा कुठे आणि केस कुठे, कुणाला सांगता येईना. नाव ठेवलं उमो, म्हणजे धूर.

मग घरात जी धांदल उडाली! शेजारचे बकरीवाले प्लुतार्कोकाका रोज ताजं दूध देत, ते कोमट करून थेंबाथेंबानं पाजायचं. कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्यानं डोळे पुसायचे. रंगाच्या चुलीजवळ, ऊब लागेल पण आच लागणार नाही अशी टोपली. मांजरीण जिभेनं करते ते बाई ओल्या बोळ्यानं करत, कारण त्याशिवाय एवढ्याशा पिल्लाला शू होत नाही. दुसऱ्या दिवशी अंगणातून आरोळी आली, "मुतला! माझा उमो मुतला!" गल्लीतले लोक दारात आले. बाईंना त्याची लाज नव्हती.

मे महिन्यात ओब्दुलिया बहिणीच्या बाळंतपणाला गेली, ती ऑगस्टमध्ये परतली. आल्याआल्या विचारते, "आई, हे काळं मांजर कुणाचं?"

"काळं? अगं, उमो आहे तो. करडा."

ओब्दुलियानं नवऱ्याकडे पाहिलं. एलिसेओ मान खाली घालून म्हणाला, "मला वाईट वाटत होतं, आई. म्हणून बोललो नाही."

रोज पाहणाऱ्याला लेकरू वाढलेलं दिसत नाही. बाई तर पाहतही नव्हत्या, उमो करडाच असं ठरवून बसल्या होत्या. पण त्या क्षणी हे त्यांना कोण सांगणार? त्यांचा चेहरा उतरला. सरळ रंगाच्या भांड्याकडे गेल्या, काठी उचलली आणि सुनेपुढे धरली. "घे."

ओब्दुलिया हात पुढे करीना. तेवढ्यात उमो बाईंच्या घागऱ्यावरून वर चढू लागला, आणि गळ्यातला दोरा त्याला घट्ट होऊ लागलेला त्यांच्या बोटांना कळला. "थांब, आधी याचा गळा मोकळा करू दे."

दोरा कापला. तळहातावर करडा दोरा, खाली उन्हात काळीभोर पाठ. बाई दोन्हींकडे आळीपाळीनं बघतच राहिल्या.

"एलिसेओ! ती करडी लड आण, पळ!"

लड आली. दोरा तिच्याशी तंतोतंत जुळला.

"दोरा करडाच आहे! मांजर काळं आहे! दोन्ही मला दिसतायत! मी नाही चुकले रे, मांजर बदललं!"

आरडाओरडा ऐकून प्लुतार्कोकाका कुंपणाशी आले. "त्याची आई माझ्या गोठ्यातली; याला तुमच्या पोत्यात टाकून गेली ती परतलीच नाही. पोटुशी होती तेव्हा तापानं फणफणली होती. अशा मांजरीची पिल्लं धुरकट जन्मतात बाई, खरा रंग मागाहून येतो. विचारायचं तरी!"

बाई मटकन बसल्या आणि हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. निळीच्या पिंपातून लोकर हिरवट निघते, हवा लागल्यावर निळी होते. काढल्याकाढल्या रंग बोलायचा नाही, हे सुनेला त्यांनीच शंभरदा बजावलं होतं!

मग डोळे पुसून त्यांनी काठी पुन्हा ओब्दुलियापुढे धरली. "घे. आजपासून तू ढवळ."

"पण आई, नजर तर चांगली आहे तुमची!"

"म्हणूनच तर देतेय. चुकलीस तर दिसेल मला."