मोकळ्या हवेसाठी बिडी

"तुमच्या कालेजात बिडी सोडवत्यात म्हणं. खरं हाय का?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर विचारलं. एवढं बोलतानाही ते दोनदा खोकले.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात सगळंच होतं असा घरच्यांचा समज होता आणि खरं सांगायचं तर माझाही होता. मी संभाजीनगरला समाजकार्याचं शिकत होते. योगायोगानं त्याच आठवड्यात आमच्याकडे डॉक्टर आणि नर्सेससाठी प्रशिक्षण होतं. बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या रुग्णाला आधार कसा द्यायचा, हे त्यांना शिकवणार होते. आम्ही विद्यार्थ्यांनी खुर्च्या मांडायच्या, पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या आणि सरावासाठी रुग्ण आणायचे. मी दादांना बोलावलं. एका डॉक्टरनं गुण येतो, इथं तर हॉल भरून डॉक्टर होते.

दादा गंगापूरला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. तिथून ते एस.टी.नं आले, धुतलेला सदरा घालून.

सकाळी बाहेरगावच्या एका सरांनी व्याख्यान दिलं. "रुग्णाला उपदेश करू नका. त्याला विचारा आणि त्याचं ऐका," हे त्यांनी जेवणापर्यंत समजावलं. मध्ये एका नर्सताईंनी शंका विचारायला हात वर केला. "शेवटी," असं सर म्हणाले, आणि शेवटी वेळ उरला नाही.

दुपारी सराव. बाकीच्यांचे रुग्ण आलेच नव्हते, त्यामुळे सगळे गट आळीपाळीनं दादांवरच शिकले.

पहिले डॉक्टर म्हणाले, "काका, बिडी वाईट असते."

"व्हय साहेब."

"मग सोडणार ना?"

"सोडली साहेब."

टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या गटातल्या मॅडमनी मात्र शिकवल्याप्रमाणे विचारलं, "तुम्हाला बिडी का ओढावीशी वाटते?" दादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडमनीच सांगून टाकलं, "टेन्शन असेल, नाही का?"

"व्हय मॅडम. टेन्शन."

तिसऱ्यानं काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचं चित्र पुढं धरलं. दादांनी ते निरखून पाहिलं. "कुणाचं हो हे?"

"बिडी ओढणाऱ्याचं."

"वारला का बिचारा?"

याचं उत्तर त्या डॉक्टरांना शिकवलेलं नव्हतं. दादांनीच त्यांची सुटका केली. "सोडली साहेब," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दादांनी प्रत्येक गटासाठी एकदा बिडी सोडली. समारोपात सरांनी त्यांना 'आदर्श रुग्ण' म्हणून गुलाबाचं फूल दिलं आणि फोटो काढला. मीही टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते.

फाटकाबाहेर आलो. दादांनी फूल डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं बिडी पेटवली.

"दादा! आत्ता सोडली म्हणालात ना!"

"एवढी शिकलेली माणसं. त्यांला तोंडावर नाय कसं म्हणायचं, बाई?"

मी लगेच सुरू झाले. फुफ्फुसं, कर्करोग, निश्चय. दादा मान डोलवत म्हणाले, "व्हय, माय. सोडतो." तो 'व्हय' मी दिवसभर ऐकला होता. मी उपदेश तिथंच थांबवला. मग चाचरतच विचारलं, "दादा, मघाशी त्या मॅडमना काय सांगणार होता?"

त्यांनी फूल सदऱ्याच्या खिशात खोचलं.

"जिनिंगमधी कापूस लई उडतो. नाकातोंडात जातो, छाती भरती. आत काडी पेटवायची बंदी हाय, म्हणून बिडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर, लिंबाखाली सोडत्यात. जो ओढत नाय त्यानं बाहेर कशाला जायचं? बिडी सोडली की माझी हवा बंद."

दादा मोकळी हवा खायला बिडी ओढत होते. असं कुठलंही चित्र सरांच्या पडद्यावर आलं नव्हतं.

सुट्टीत मी दादांबरोबर जिनिंगवर गेले आणि मुकादमकाकांना भेटले. उपदेश करायचा नाही, विचारायचं, हे मला पाठ होतं.

"काका, दादांना बिडी सोडायचीय. पण बाहेरही जायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू लई शिकली," मुकादमकाका म्हणाले. "अगं, आज एकाला हवा खायला सोडला, तर उद्या सगळ्यांलाच हवा लागंल."

दादा तिथंच खोकायला लागले. खोकला थांबेना. मुकादमकाकांनी तोंड फिरवलं. "बरं, जा म्हणावं ओढणाऱ्यांसंगं. पण हातात बिडी दिसली पायजे. मालकानं इचारलं तर मी काय सांगू?"

पुढच्या खेपेला मी घरी गेले तेव्हा विचारायची भीती वाटत होती. आता मीही शिकलेली होते, मलाही 'सोडली' असंच उत्तर मिळालं असतं. दादांनी खिशातून एक बिडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. पान फाटलेलं, दोरा सुटलेला, तंबाखू सांडलेली. टोक कुठंच जळालेलं नव्हतं.

"मधी एकदा पेटवली व्हती. ती दुसरी," ते म्हणाले. "ही नुसती धरायची. पण आता धरण्याजोगी राहिली नाय. मुकादम म्हणतो, दुसरी आण."

दादांना दुकानात पाठवायची माझी हिंमत होईना. म्हणून मीच गेले आणि एक बिडी मागितली.

दुकानदार वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "कालेजात हेच शिकवत्यात का?"

"दादांसाठी हवी," मी म्हणाले. "त्यांनी सोडलीय."