फुप्फुस मी आणलं होतं

"नीट घास. वास राहिला न्हाई पाहिजे."

मुख्याध्यापक दारात उभे होते. नाकावर रुमाल. मी पाचवीत होते, गुडघ्यावर बसून वर्गाची फरशी घासत होते. रक्ताचा थेंबसुद्धा सांडला नव्हता, तरी फिनेलची अख्खी बाटली माझ्या हातात दिली होती. पोरं व्हरांड्यात गर्दी करून बघत होती. आणि आमच्या विज्ञानाच्या बाई खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून.

उदगीरला आमचं मटणाचं दुकान. शाळेत मला 'खाटकाची' म्हणायचे. इतकी सवय झाली होती की कुणी तसं म्हटलं की मी वळून बघायचे. फक्त बाई मला माझ्या नावानं हाक मारायच्या. त्या नुसतं पुस्तक वाचून दाखवत नसत. कापसावर मोहरी उगवायला लावायच्या, सेल आणि तार देऊन बल्ब पेटवायला लावायच्या. म्हणायच्या, "मी सांगते म्हणून मानू नका. हातानं करा, डोळ्यांनी बघा, मग माना." मी त्यांचं सगळंच मानलं. जीव होता माझा त्यांच्यावर.

श्वसनाचा धडा आला. बाईंनी बाटलीत फुगे बांधून दाखवले. शाळा सुटल्यावर मला थांबवलं. "तुझ्या वडिलांना विचार, बकऱ्याचं फुप्फुस देतात का? नळीसकट. पोरांना खरं दाखवू."

मी पळतच घरी गेले. आमच्या दुकानातलं काहीतरी शाळेला हवं होतं!

अब्बांना पटेना. "बाई खुद बोले?"

"हौ, खुद बोले."

सकाळी त्यांनी फुप्फुस जपून काढलं, तीनतीनदा धुतलं. अम्मीनं स्टीलचा मोठा डबा दिला. ईदला शीरखुर्मा पाठवायलाच ती तो काढायची.

वर्गात शिपाईमामांच्या सायकलचा पंप आणला. बाईंनी पंपाचं टोक नळीत घालून वरून दोरा आवळला, मी पंप मारायला लागले. ते चिमलेलं, मळकट फुप्फुस फुगत गेलं. गुलाबी होत गेलं. पोरं बाकांवर चढली. माझ्याशेजारी बसून डबा न खाणारी पोरं बोटानं दाबून बघत होती. "आगं, स्पंजावाणी लागायलंय!" बाई म्हणाल्या, "तुमच्या छातीतपण असंच आहे. सगळ्यांच्या." इतकी खूश मी त्या शाळेत परत कधी झाले नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. सोबत संस्थेचे एक साहेब.

"हे काय? वर्गात मटण? कुणी आणायला सांगितलं?"

मी बाईंकडे बघून हसले. उत्तर सोपं होतं.

बाई म्हणाल्या, "हिनं आपल्या मनानं आणलं, सर. मी सांगितलं नव्हतं."

पंप माझ्या हातातच होता.

"तुमच्या लोकांना शाळा अन् दुकान यातला फरकच कळत न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले. मग फिनेल. मग अब्बांना बोलावणं. दुकान अर्धवट सोडून अब्बा आले. कुणी मागितलं होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी बाईंकडे एकदा बघितलं. बाई वह्या तपासत होत्या. अब्बांनी हात जोडले. "लेकरू हाय, साहेब. चुकलं. माफी करा." माझ्यासाठी, न केलेल्या चुकीसाठी.

उद्या परिपाठाला सगळ्यांसमोर माफी मागायची, असं ठरलं. वाटेत अब्बा म्हणाले, "बोल दे, बेटा. पढना है ना?"

दुसऱ्या दिवशी मला पुढे उभं केलं. सगळी शाळा समोर. मी म्हणाले, "काल मी फुप्फुस आणलं. बाईंनी मागितलं म्हणून आणलं."

"माफी माग!"

"मी चूक केली नाही."

छडी बसली. माफी मी मागितली नाही. मग वर्षभर शेवटचा बाक, आणि प्रयोगाला हात लावायचा नाही. 'हातानं करा' हे बाकीच्यांसाठी चालूच राहिलं. बाईंनी मला परत नावानं हाक मारली नाही. कशानंच मारली नाही.

आता मी लोह्याजवळच्या एका शाळेत शिकवते. परवा नांदेडला शिक्षकांचं विज्ञान प्रशिक्षण होतं. मार्गदर्शन करायला त्याच बाई आल्या. केस पिकलेले, आवाज तोच. म्हणाल्या, "उदगीरला मी पाचवीच्या मुलांना खरं फुप्फुस फुगवून दाखवलं होतं. विरोध झाला. पण शिक्षकानं धाडस करावं लागतं." टाळ्या पडल्या. त्यांच्या गोष्टीत पंप होता, गुलाबी रंग होता. मी कुठंच नव्हते. एकदा मला खोटं पाडलं, आता पुसूनच टाकलं. अंगाची आग झाली माझ्या.

मी उठले. "बाई, ते फुप्फुस आणलं कुणी?"

त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं. "आता... आठवत नाही गं."

"मला आठवतं," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. फिनेलसकट, अब्बांच्या जोडलेल्या हातांसकट. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जाऊ द्या मॅडम, जुनं हाय."

बाहेर बाईंनी माझा हात धरला. "तेव्हा माझी नोकरी पक्की नव्हती गं."

खरंही असेल. मी हात सोडवून घेतला. "तुमची नोकरी वाचली, बाई. शाळेत असून माझी शाळा गेली."

पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात श्वसनाचा धडा आहे. अब्बांना फोन केला, फुप्फुस पाहिजे म्हटलं. त्यांनी विचारलं, "फिर से?"

"हौ. फिर से. उसीच डब्बे में."

डबा कुणाच्या घरून आला ते पोरांना आधी सांगणार आहे. मग फुप्फुस फुगवणार. दारात कुणीही येऊ दे नाकाला रुमाल लावून. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं, तर एकाही लेकराला तोंड उघडावं लागणार नाही.

मी सांगितलं, म्हणेन. मी.